व्याह्याला विकलेली लाल गाडी

व्याह्याला गाडी विकू नये. घोडा विकावा, मेंढरं विकावीत, फार तर अंगातला कोट काढून द्यावा, पण गाडी विकू नये. हे मला आमच्या ह्यांना मार्चमध्येच सांगायचं होतं. पण तेव्हा घरात बारा माणसं जेवायला बसली होती, आणि व्याह्यांसमोर बाईने नवऱ्याला आडवं बोलायचं नसतं. ती रीत मी पाळली, आणि पुढचे सहा महिने त्याचं फळ चाखत बसले.

आमचे हे म्हणजे जुमगलबेक. काराकोलच्या दवाखान्याच्या अँब्युलन्सवर एकतीस वर्षं ड्रायव्हर. बुटके, जाड मानेचे, बोलण्यात महा कंजूष. डोंगरातल्या गावांतून, गुडघाभर बर्फातून ह्यांनी अडलेल्या बायका आणल्या, धाप लागलेले म्हातारे आणले, आणि एकदाही गाडी वाटेत बंद पडू दिली नाही. जुमगलबेकच्या गाडीत बसला तो पोचला, असं लोक म्हणायचे. ड्यूटी संपली तरी हे तासभर गाडीखाली. एखादा नट जरा सैल वाटला तर जेवण सोडून जाणारा माणूस.

नोकरीतली गाडी पांढरी, चौकोनी, खडखडणारी. म्हणून की काय, चाळिशी उलटल्यावर ह्यांना खूळ लागलं आणि बिश्केकला जाऊन हे एक लाल गाडी घेऊन आले. जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, शर्यतीत पळवतात तसली. आत शिरायचं म्हणजे मला आधी बसकण मारावी लागायची आणि मग एकेक पाय ओढून घ्यावा लागायचा. चाक उजव्या हाताला, आणि आमच्याकडे रस्त्याने गाडीही उजव्याच बाजूने चालवतात. त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरून कोण येतंय ते डावीकडे बसलेल्यालाच दिसणार, म्हणजे मला. चौदा वर्षं आमचं गाडीतलं संभाषण एवढंच. थांबा. ट्रक आहे. थांबा म्हणते ना. आता जा.

त्या गाडीचे नखरे काय सांगू. तिला तिसरा गिअर चालायचा नाही, दुसऱ्यावरून सरळ चौथ्यावर जायचं. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच ठेवायचं, नाहीतर आतला टर्बो जळतो म्हणे. आणि पाण्याचा काटा अर्ध्याच्या वर गेला की हीटर लावायचा. जुलैच्या उन्हात, काचा खाली करून, हीटर लावून आम्ही तलावावर आंघोळीला जायचो. पोचेपर्यंत माझी आंघोळ झालेली असायची.

"अहो, हिला काहीतरी दुखणं आहे," मी म्हणायचे.

"दुखणं नाही, सवय आहे. तुला नाही का चहा दोनदा उकळून लागतो?"

मी काच आणखी खाली करायचे.

आमची एकुलती एक लेक नुर्झात. जानेवारीत तिचं लग्न झालं आणि ती तलावाच्या उत्तरेला, अनान्येवोला गेली. व्याही कासिमाली शाळेचे निवृत्त हेडमास्तर, बोलणं एकदम तुपातलं. विहीण झूराबाई. तिचंही बोलणं गोड, पण गिळल्यावर घसा धरणारं. मार्चमध्ये हे दोघं आपल्या गोतावळ्याला घेऊन आमच्याकडे आले. जेवणं झाली, कासिमाली अंगणात गेले, लाल गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "व्याहीबुवा, काय देखणी आहे हो." एकदा म्हणाले ते ठीक. आत येऊन चहा घेतला, परत गेले आणि पुन्हा म्हणाले. व्याह्याने घरातली वस्तू दोनदा वाखाणली की तिसऱ्यांदा तशी वेळ येऊ द्यायची नसते. जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं, असं आम्हा किर्गिझ लोकांत म्हणतात. हे उठले आणि खिशातली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"छे छे, फुकट घेऊन मी गावात तोंड कसं दाखवू?" कासिमाली म्हणाले.

मग किंमत ठरायला लागली, आणि तीही उलटी. विकणारा कमी करतोय, घेणारा वाढवतोय. कुठेतरी मधे दोघं थांबले. बॉनेट कुणी उघडलं नाही. व्याह्याच्या गाडीचं बॉनेट उघडून बघायचं म्हणजे खुद्द व्याह्याचेच घोड्यासारखे दात मोजायचे. कासिमालींच्या थोरल्या काकांनी तळवे वर केले, दुआ दिली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. दुआ झालेला सौदा मग मोडत नाही. दुखणी निघाली तर ती घेणाऱ्याने गिळायची आणि देणाऱ्याने लाजेने मरायचं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "तिसऱ्या गिअरचं सांगितलंत का?"

"नाही."

"हीटरचं? इंजिन लगेच बंद करायचं नाही ते?"

"विसरलो."

"चौदा वर्षं जे तळहातावर जपलंत ते विसरलात?"

"अगं, मला ते वेगळं काही वाटतच नाही. गाडी म्हणजे तशीच असते."

हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला आजही मान्य आहे.

आता यात माझा जीव कुठे अडकला होता ते सांगते. आमच्यात लग्न झालेली मुलगी आपल्या पायांनी माहेरी येत नाही. पहिल्यांदा सासरच्यांनी तिला घेऊन यायचं, कपडेलत्ते, मानपान, सगळं रीतसर. त्याला तोरकुलो म्हणतात. तो होईपर्यंत मुलीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि आईबापांनीही तिच्या सासरी जाऊन बसायचं नाही. फोन असतो, पण सासू शेजारी बसलेली असताना पोरगी फोनवर काय बोलणार? बरी आहे, आई. हो, आई. जेवले, आई. मला तिला डोळ्यांनी बघायचं होतं. बारीक झाली का, हसते का, झोपते का, हे फोनवर कळत नाही. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नाही.

कासिमालींनी कळवलं की एप्रिलच्या शेवटी तोरकुलो करू, आणि सुनेला लाल गाडीतूनच घेऊन येऊ. सगळ्या गावाला तसं सांगूनही ठेवलं. त्या दिवशी मी पहाटेपासून कणकेचे दोन पराती बोर्सोक तळले, मेंढरू कापून घेतलं, अंगण दोनदा झाडलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. एक वाजला. ह्यांच्या फोनवर कासिमालींचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला.

"व्याहीबुवा, तब्येत बरी? विहीणबाईंची कंबर काय म्हणते? गुरंढोरं ठीक? तिकडे हवा कशी आहे? आमच्याकडे जरा धूर आहे."

धूर गाडीतून निघत होता. वाटेतल्या त्युप गावाच्या अलीकडे लाल गाडीने पांढरी वाफ सोडली आणि रस्त्यातच बसली. नुर्झात सणाचे कपडे घालून दोन तास रस्त्याच्या कडेला उभी होती. शेवटी गवताच्या ट्रॅक्टरला बांधून सगळी वरात परत अनान्येवोला गेली. अर्ध्या वाटेवरून फिरलेलं पाऊल बरं नसतं, म्हणून दिवस पुन्हा काढायचा ठरला. मी त्या दोन पराती बोर्सोक शेजाऱ्यांना वाटत फिरले, आणि प्रत्येक दारात गाडी बंद पडल्याचं सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी हे पान्यांची पेटी घेऊन मिनीबसने गेले. पाहुणे म्हणून नव्हे, गाडी बघायला. संध्याकाळी आले तेव्हा मी दारातच धरलं.

"कशी आहे?"

"हेड गॅस्केट गेलंय."

"मी मुलीचं विचारतेय."

"हां. बरी आहे. चहा दिला तिने. रेडिएटरमध्ये मोहरीची पूड टाकून आलोय, थोडे दिवस भोक बुजेल. नवं गॅस्केट जपानहून मागवावं लागेल."

"बारीक झाली का?"

"कोण?"

मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही.

जूनमध्ये दिवस काढला, तर कासिमालींनी तिसरा गिअर घातला आणि तो निघेनाच. जुलैत मोहरी संपली, पुन्हा वाफ. त्याच महिन्यात डोंगरावरून आल्या आल्या त्यांनी इंजिन बंद केलं आणि टर्बो कोकलायला लागला. ऑगस्टमध्ये परत पाणी. प्रत्येक वेळी आधी तब्येत, मग माझी कंबर, मग गुरंढोरं, आणि सगळ्यात शेवटी गाडी. माणसाने चार शिव्या द्याव्यात तर त्याही नाहीत. जावई म्हणाला, माझ्या जुन्या गाडीतून नेऊया. कासिमाली इरेला पेटले होते. म्हणाले, मी शब्द दिलाय, लाल गाडीतून म्हणजे लाल गाडीतून. हेडमास्तर माणूस, चुकला तरी फळा पुसणार नाही.

झूराबाई मात्र मला वेगळा निरोप पाठवायची, तोही लाडिक आवाजात. "विहीणबाई, तुमच्या घरून आमच्याकडे दोघी आल्या हो. एक काम करते, एक आराम करते." आणखी एकदा, "सूनबाई गुणाची आहे. निदान सकाळी हाक मारली की उठते तरी." मागे कुणीतरी हसलेलं ऐकू यायचं. म्हणजे नुर्झातही तिथेच असणार, चहा ओतत. गावात तर म्हणे चालूच झालं होतं की सुनेच्या बापाने व्याह्याच्या गळ्यात भंगार बांधलं. ते कुणाला ऐकावं लागत होतं? विकणाऱ्याला नाही, माझ्या पोरीला.

मी ह्यांच्या मागे हात धुऊन लागले. "गॅस्केट कुठे आहे?"

"जहाजात," जूनमध्ये म्हणाले.

"जहाजात," जुलैत म्हणाले.

"बंदरात लागलंय," ऑगस्टमध्ये म्हणाले.

"एवढ्या दिवसांत जपानहून मासा पोहत आला असता," मी म्हटलं, "आणि इथे समुद्र नाही."

दरवेळी जाताना मात्र हे दाढी गुळगुळीत करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. गाडीखाली लोळायला इस्त्रीचा शर्ट. मला वाटायचं, व्याह्याचं घर आहे, मान ठेवतात. मी मूर्खासारखी तो शर्ट तेलाच्या डागांतून काढत बसायचे.

सप्टेंबरात पुन्हा दिवस निघाला. मी भिंतीशी रचलेल्या गाद्या आणि रजया उन्हात घालायला काढल्या. पोरगी येणार, तिच्यासाठी निदान उबदार वास यावा. सगळ्यात खालच्या दोन गाद्यांच्या मधे एक चपटा पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्यात पातळ चकचकीत पत्रा, ओळीने चार मोठी भोकं. मला गाडीतलं फार कळत नाही, पण चौदा वर्षांत ती वस्तू एकदा बदलताना मी पाहिली होती. पुठ्ठ्यावर पोस्टाचा शिक्का होता. एकोणीस मे.

मी गाद्या तशाच टाकल्या आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिले. हे कोथिंबीर आणायला गेले होते. आले, मला बघितलं, टोपी काढली.

"हे काय आहे?"

"गॅस्केट."

"जहाज आमच्या गाद्यांत बुडालं वाटतं."

हे कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभेच.

"का, ते सांगा. ओरडणार नाही. का?"

"लावलं असतं तर गाडी बरी झाली असती."

"त्याचसाठी असतं ना ते?"

"मग त्यांनी मला परत कशाला बोलावलं असतं?" हे खाली बघत म्हणाले. "तोरकुलो होईल. दोन दिवस येईल, रडेल, जाईल. मग पुढे कधी? त्यांची शेतं, गुरं, पोरंबाळं, कोण सोडतंय तिला? गाडी बिघडली की आपोआप निरोप येतो. मी गाडीखाली असतो, ती शेजारी बसते. मी पाना मागतो, ती देते, लहानपणी द्यायची तशी. सासूला वाटतं बापाच्या हाताखाली काम करतेय. आमचं तासभर बोलणं होतं."

"काय बोलता?"

"सगळं. कपडे धुताना हात फाटतात, सासरा वाचायला पुस्तकं देतो, नवरा घोरतो. तिला तिथली भाकरी आवडत नाही, तुझ्यासारखी नसते म्हणते."

"आणि घरी येऊन मला मोहरी सांगता."

माझ्या डोक्यात जाळ झाला. एकतीस वर्षं ज्या माणसाने एक नट सैल सोडला नाही, त्याने मुद्दाम, जाणूनबुजून, मोहरीची पूड टाकून गाडी परत रस्त्यावर बंद पडायला सोडली. आणि त्याच गाडीमुळे माझी पोरगी घरी यायची थांबली होती.

"तुमच्यापायी ती बोलणी खातेय, कळतंय का?"

"बोलणी कुठे? मी जातो तेव्हा हसत असते."

"तुम्ही जाता तेव्हा हसते," मी म्हटलं. "आणि मी? आठ महिने मी या खिडकीशी बसलेय. माझं काय?"

ह्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मन लावून. मग म्हणाले, "तुझं माझ्या लक्षातच आलं नाही गं."

त्यांनी लबाडीने काही सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं. हे तर अगदी खरं बोलत होते, आणि तेच मला जास्त झोंबलं. मी कोथिंबीर त्यांच्या हातातून घेतली आणि रात्रीचा स्वयंपाक न करता झोपले.

सकाळी हे गॅस्केट लावायला निघाले, पान्यांची पेटी घ्यायला गेले तर पेटी माझ्या हातात, वर तो पुठ्ठा.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. चला."

"अगं, तोरकुलो व्हायचंय अजून. तुला असं जाता येत नाही."

"ते मी बघते."

मी जुना कोट घातला आणि हात मुद्दाम रिकामे ठेवले. खाऊ नेला असता तर विहीण म्हणून गेले असते. मिनीबसमध्ये ती लोखंडी पेटी मी सगळी वाट मांडीवर घेऊन बसले. ह्यांनी तीनदा मागितली, तीनदा मी दिली नाही.

फाटक झूराबाईनेच उघडलं. मला बघून तिचा हात गालावर गेला. "विहीणबाई? तुम्ही? अहो, रीत व्हायचीय अजून. लोक काय म्हणतील?"

"मी विहीण म्हणून आलेलीच नाही," मी म्हटलं. "गाडी दुरुस्त करायला आलेय. ह्यांना एकट्याला जमत नाहीये, एप्रिलपासून बघताय ना तुम्ही."

झूराबाई फाटक धरून उभी राहिली. मागून कासिमाली आले, छातीवर हात ठेवून वाकले, माझी तब्येत विचारली, कंबर विचारली. मग बायकोकडे बघून म्हणाले, "कामाला आलेल्या माणसाला फाटकात थांबवू नये." तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

लाल गाडी गोठ्याशेजारी उभी होती, धुतलेली, चकचकीत, आणि जागची न हलणारी. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाचं डोकं सोडवायला घेतलं. मी एक बादली उपडी घालून शेजारी बसले. थोड्या वेळाने नुर्झात विहिरीकडून पाणी घेऊन आली. डोक्याला पांढरा रुमाल, गाल आत गेलेले, हातांवर भेगा. तिने मला पाहिलं आणि पाण्याची बादली खाली ठेवली. खिडकीत सासू उभी होती. गळ्यात पडायची सोय नव्हती. पोरगी रुमालाला हात पुसत आली आणि माझ्या शेजारी मातीतच बसली.

"बारा नंबर," हे आतून म्हणाले.

तिने पेटीत न बघता बारा नंबरचा पाना काढून दिला. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. मी तिचा हात कोटाच्या आड धरला, तो खरखरीत झाला होता.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाबा आजवर पाच वेळा आले."

"माहितीय मला."

"रीत तर त्यांनाही होती ना? त्यांनीही यायचं नव्हतं."

"हो."

"मग तू का नाही आलीस?"

ह्यांच्यावर चिडायला मी आठ महिन्यांत हजार वाक्यं साठवली होती. विहिणीसाठी होती, व्याह्यांसाठी होती, जपानच्या जहाजासाठी होती. या प्रश्नासाठी एकही नव्हतं.

"मला वाटलं, चालत नाही," मी म्हणाले.

ह्यांनी चौदा नंबर मागितला. तिने पाना काढला, पण ह्यांना दिला नाही, माझ्या हातात दिला, आणि मी तो ह्यांना दिला. संध्याकाळी गाडी सुरू होईपर्यंत आम्ही तसंच करत राहिलो.